सोबत

ससा हा प्राणी आपल्या भाषेत फार लाडका आणि तितकाच बदनाम आहे. चंद्राला त्याने शशांक, शशी अशी सुंदर नावे मिळवून दिली. पण पाठीवर पान पडले म्हणून आभाळ कोसळल्याची बोंब ठोकणाराही तोच, आणि कासवाबरोबरच्या शर्यतीत झोपी जाणाराही तोच. पंडितांना अस्तित्वातच नसलेल्या वस्तूचे उदाहरण हवे झाले, तेव्हाही त्यांनी सशाच्याच डोक्यावर शिंग कल्पिले. एकूण काय, भित्रा, भोळा, आळशी आणि बिनशिंगाचा. या साऱ्या कीर्तीत ‘भांडखोर’ हे विशेषण मात्र कुठेही आढळत नाही. गेल्या वर्षी आमच्या सांगलीच्या घरात जे काही घडले, ते पाहता ते असायला हवे होते.

आमच्याकडे दोन ससे होते. कापशी आणि भुऱ्या. एकाच वेतातली भावंडे. मुठीएवढी असताना एका पाटीतून घरात आली आणि एकमेकांच्या अंगावर पाय टाकून लहानाची मोठी झाली. भुऱ्याचे लहानपणीच ऑपरेशन करून घेतलेले असल्यामुळे वंशविस्ताराची काळजी नव्हती. कापशी पांढरीशुभ्र, लाल डोळ्यांची आणि स्वभावाने जरा खाष्ट. भुऱ्या मातकट रंगाचा, गरीब. माजघराच्या खिडकीखाली गोणपाट अंथरलेले असे, तिथे दुपारभर ही दोघे एकमेकांना टेकून बसत. कापशी मान खाली करी आणि भुऱ्या तिचे कपाळ, कान, डोळ्यांच्या कडा चाटून काढी. दहा-दहा मिनिटे. कापशी कधी परतफेड करताना दिसली नाही. आई म्हणायची, “काय मेलं नशीब बघा एकेकीचं!”

मार्चमध्ये भुऱ्या गेला. सात वर्षांचा होता. सशाचे आयुष्य साधारण आठ-दहा वर्षांचे, तेव्हा फार अकाली गेला असेही म्हणता येत नाही. सकाळी गोणपाटावर आडवा पडलेला दिसला. बाबा त्याला लगेच उचलून परसात न्यायला निघाले, तर आत्याने त्यांना अडवले. म्हणाली, “थांब जरा. तिला बघू दे.” आतोबा गेल्यानंतर आत्या आमच्याकडेच राहायला आली आहे. ती सहसा कशात पडत नाही. त्यामुळे ती बोलली की सगळे थांबतात. कापशी जवळ आली. तिने त्याचे नाक हुंगले, कान हुंगला, आणि मग जे सात वर्षांत आम्ही पाहिले नव्हते ते केले. तिने त्याचे कपाळ चाटले. थोडाच वेळ. नंतर ती वळली आणि त्याच्याकडे पाठ करून भिंतीशी जाऊन बसली. मग बाबांनी त्याला उचलले.

असे करू द्यावे, हे जाणते लोकही सांगतात, हे मला पुढे कळले. सोबती एकाएकी नाहीसा झाला की मागे राहिलेला ससा त्याला दिवसेंदिवस शोधत राहतो. मेलेला पाहिला, हुंगला, तर शोधणे कमी होते. त्याला मृत्यू समजतो की नाही याचा वाद विद्वानांनी घालावा. कापशीने शोधाशोध केली नाही एवढे मी पाहिले. पण दुसऱ्या दिवशी तिने खाणे सोडले.

इथे सशाच्या पोटाविषयी थोडे सांगावे लागेल, कारण ज्याने ससा पाळलेला नाही त्याला यात एवढे घाबरण्यासारखे काय, असे वाटेल. कुत्रे एक दिवस जेवले नाही तर आपण म्हणतो, राहू दे, पोट साफ होईल. सशाचे तसे नाही. त्याची आतडी सतत चालती राहावी लागतात. गवत खात राहायचे, लेंड्या टाकत राहायच्या, हा त्याचा श्वासोच्छ्वासासारखा अखंड उद्योग. त्याला ओकारी येऊच शकत नाही. अर्धा-पाऊण दिवस पोटात काही गेले नाही की आतडी मंदावतात, गॅस धरतो, पोट दुखते, दुखते म्हणून तो आणखी खात नाही, आणि या चक्रात दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. तेव्हा सशाने तोंड फिरवले की तो रुसवा समजायचा नाही, दुखणे समजायचे.

आम्ही तिला कोल्हापूरला नेले, कारण लहान प्राणी पाहणारे डॉक्टर तिथे होते. त्यांनी वेदना कमी करणारे औषध दिले, पातळ खिमट सुई नसलेल्या सिरिंजने गालाच्या बाजूने भरवायला शिकवले आणि सांगितले की लेंड्या मोजा. हे मोजण्याचे काम आत्याने आपल्याकडे घेतले. कापशीला टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घ्यायची, दर तीन-चार तासांनी भरवायचे, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने आकडा लिहायचा. पहिल्या दिवशी शून्य. दुसऱ्या दिवशी दोन, त्याही वाटाण्याच्या निम्म्या. तिसऱ्या दिवशी पहाटे मला हलवून जागे केले आणि दिवाळीत अभ्यंगाला उठवावे तशा आनंदाने म्हणाली, “अगं ऊठ, अकरा झाल्या!”

कापशी वाचली. पण पूर्वीची राहिली नाही. खिडकीखालच्या गोणपाटाकडे फिरकेना. दिवसभर देव्हाऱ्यामागच्या फटीत बसून राहायची. तिला हात लावला तर चावायची नाही, पण जवळही यायची नाही; बोहारणीने नाकारलेल्या कपड्यासारखी पडून असायची.

“तिला कुणीतरी आणा,” आत्या म्हणाली.

यावर घरात दोन तट पडले. आईचे म्हणणे, “एक गेला की दुसरा आणायचा, हा काय पाण्याचा तांब्या आहे?” बाबा म्हणाले, पुन्हा तेच सगळे सात वर्षांनी सोसायचे. आणि आमच्या गल्लीत एक आजोबा आहेत, तरुणपणी खटाव-माणच्या माळावर हिंडलेले, त्यांनी निर्णय दिला की ससा रानात एकटाच असतो, त्याला सोबत-बिबत काही लागत नाही, हे सगळे माणसांचे चोचले.

आजोबांचे म्हणणे खोटे नव्हते. फक्त ते दुसऱ्याच प्राण्याविषयी होते. आपल्या भाषेत ‘ससा’ या एकाच शब्दाखाली दोन वेगळे जीव राहतात. माळावर, उसाच्या कडेला, रात्री मोटारीच्या उजेडात लांब उड्या मारीत जाणारा, मानेवर काळा डाग असलेला तो आपला रानससा. तो बीळ खणत नाही. गवतात अंगाच्या आकाराचा खळगा करून बसतो, आणि खरेच एकटा राहतो. त्याची पिल्ले अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊनच जन्मतात, कारण त्यांना उघड्यावर राहायचे असते. चंद्रावरचा ससा म्हणाल तर तो हा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्याला धरता किंवा पाळता येत नाही, आणि ते योग्यच आहे. आपण घरात पाळतो तो ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. तो बिळात राहतो, घोळक्याने राहतो, पिल्ले उघडी-नागडी आणि आंधळी जन्मतात. दोघांच्या पेशींतील गुणसूत्रांची संख्याही वेगळी, रानसशाची ४८ आणि पाळीव सशाची ४४. त्यांचा संकर होत नाही. इंग्रजीत या दोघांना अगदी निरनिराळी नावे आहेत. आपल्याकडे दुसरा कधी नव्हताच, म्हणून नाव एकच राहिले, आणि त्या एका नावापायी कापशीने एकटे राहावे असे ठरत होते. मी हे सगळे आजोबांना समजावून सांगितले. ते शांतपणे म्हणाले, “म्हणजे परदेशी आहे. मग काय, लागत असेल.”

जूनमध्ये तांबू आला. पलीकडच्या अपार्टमेंटमधल्या एका मुलाला वाढदिवसाला बाजारातून कुणीतरी ससा आणून दिला होता. पहिले पंधरा दिवस कौतुक झाले, मग त्याने दोन वायरी आणि एक चप्पल कुरतडली, तेव्हापासून तो गॅलरीत लोखंडी पिंजऱ्यात होता. वर्षभर. तळाला जाळीच, त्यामुळे मागच्या पायांच्या टाचांचे केस उडालेले. मुलाची आई म्हणाली, “घेऊन जा हो, पुण्य लागेल.” मुलगा दाराआडून बघत होता. तो काही बोलला नाही. फक्त एका प्लॅस्टिकच्या पिशवीत अर्धवट राहिलेले खाद्य आणून माझ्या हातात दिले.

आता सोबती आणला आणि पुढ्यात ठेवला, की झाले, असा सर्वसाधारण समज असतो. मला भेटलेल्या दहांपैकी नऊ जणांनी हाच सल्ला दिला: दोघांना एका पिंजऱ्यात टाका, रात्रभर काय करायचे ते करतील, सकाळी गट्टी. या सल्ल्यात एक गृहीत आहे, की मऊ प्राण्याचे भांडणही मऊच असणार. कॉनरॅड लॉरेन्झ नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने (१९७३ साली ज्यांना नोबेल पारितोषिक मिळाले त्यांपैकी ते एक) आपल्या १९४९ च्या पुस्तकात याविषयी लिहिले आहे. त्यांनी पारव्यांच्या जातीचे दोन पक्षी एका पिंजऱ्यात ठेवले होते आणि ते बाहेर गेले होते. परत येऊन पाहतात तो एकाने दुसऱ्याची पाठ सोलून काढलेली. लांडगे भांडतात तेव्हा हरलेला शरण येतो आणि जिंकलेला थांबतो. त्याच्याजवळ शस्त्र आहे म्हणून त्याच्याजवळ आवरही आहे. ज्यांच्याजवळ पळून जाणे हेच शस्त्र, त्या कबुतरांना, हरणांना, सशांना तो आवर निसर्गाने दिलाच नाही. कारण मोकळ्या रानात हरणारा केव्हाच पळून गेलेला असतो. पिंजऱ्यात तो पळणार कुठे? लॉरेन्झच्या उपपत्तीत पुढच्या लोकांनी पुष्कळ फरक केले असतील. पण दोन सशांना एका पिंजऱ्यात रात्रभर कोंडू नये, एवढ्यापुरती ती मला पुरेशी वाटते. सशांच्या भांडणात कान फाटतात, डोळे जातात, पोटाची कातडी उसवते.

तेव्हा आम्ही सावकाशीचा रस्ता धरला. प्रथम दोन आठवडे तांबू माडीवरच्या खोलीत एकटा, काही रोग वगैरे नाही ना हे बघायला. मग त्याचे ऑपरेशन. ते लागतेच, कारण सशांच्या मादीला गाई-म्हशींसारखा माजाचा ठरावीक काळ नसतो. नराशी संबंध आला की त्यानंतर बीज सुटते आणि महिन्याभरात पिल्ले होतात, आणि वीत झाल्या दिवशीही ती पुन्हा गाभण राहू शकते. तिथेही पोटाचा प्रश्न आला. कुत्र्या-मांजरांना ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवतात. सशाला उपाशी ठेवायचे नाही. आत्या डॉक्टरांकडे जाताना पदराखाली कोथिंबिरीची जुडी घेऊन गेली आणि शुद्धीवर येताच त्याच्या नाकाशी धरली. ऑपरेशननंतरही नरात काही आठवडे बीज शिल्लक असते, शिवाय अंगातली रग उतरायला वेळ लागतो, म्हणून आणखी सहा आठवडे थांबायचे.

हे सहा आठवडे दोघांना माजघरात समोरासमोर दोन जाळ्यांच्या कुंपणांत ठेवले. जाळ्यांमध्ये वीतभर अंतर. जाळीतून नाक पुढे आले तर चावा बसू नये म्हणून. तांबूला पाहताच कापशी देव्हाऱ्यामागची सगळी उदासी विसरली. पहिल्या रात्री तिने मागचा पाय आपटायला सुरुवात केली. एवढ्याशा जिवाच्या पायाचा तो आवाज ऐकून रात्री दोन वाजता बाबा चोर आले म्हणून काठी घेऊन खाली उतरले होते. सकाळी पाहिले तर तिने जाळीच्या कडेने लेंड्यांची सरळ रेघ ओढलेली. सर्व्हे खात्याच्या माणसालाही इतकी सरळ हद्द आखता आली नसती. तांबू आपल्या बाजूने हनुवटी घाशीत फिरायचा. सशाच्या हनुवटीखाली गंधाच्या ग्रंथी असतात; हनुवटी घासली की ती वस्तू आपली झाली. त्याने जाळी आपली केली, पाण्याचे भांडे आपले केले, वाकून बघणाऱ्या माझ्या पायाचा अंगठाही आपला केला.

मी आईला म्हटले, निदान ती चिडली तरी. चिडायला जिवंतपणा लागतो. आईने काही उत्तर दिले नाही, पण त्या दिवसापासून ती मुळ्याचा पाला दोन वाटे करून ठेवू लागली.

मग वस्तूंची अदलाबदल. याचे अंथरूण तिच्याकडे, तिचे याच्याकडे. चार दिवसांनी घरेच बदलायची. सशाचे जग डोळ्यांपेक्षा नाकावर चालते. ज्याचा वास रोज आपल्या अंथरुणाला येतो तो पूर्ण परका राहत नाही, हा त्यातला हिशेब. कापशीने पहिले अंथरूण ओढून पाण्याच्या भांड्यात बुडवले. तिसरे तसेच राहू दिले. आठव्यावर बसली.

प्रत्यक्ष भेट घडवायची ती मात्र दोघांपैकी कुणाच्याच मालकीच्या नसलेल्या जागी. हे फार महत्त्वाचे. सशांच्या वसाहतीत बिळे खणण्याचे काम मुख्यतः माद्या करतात आणि चांगल्या बिळासाठी त्या जिवावर उदार होऊन भांडतात. आर. एम. लॉकली नावाच्या गृहस्थांनी वेल्समध्ये कुंपण घालून रानटी सशांची टोळी पाळली आणि रात्र-रात्र जागून त्यांचा संसार पाहिला. त्यांचे पुस्तक १९६४ चे. त्यात नरांची उतरंड वेगळी, माद्यांची वेगळी, कुणी कुठे चरावे याचेही नियम. ते वाचून मला आमच्या गल्लीची फार आठवण झाली. तर जागा शोधायची होती. शेजारच्या काकूंचा सोपा रिकामा असे. त्यांनी एका अटीवर दिला, की त्यांनाही बघायला बसू द्यायचे. फरशीवर पाय घसरला की ससा बिथरतो, म्हणून गोधड्या अंथरल्या.

ऑगस्टअखेरची ती पहिली भेट मी विसरणार नाही. आत्या, काकू आणि मी भिंतीला टेकून बसलो होतो, लग्न ठरवायला बसावे तशा. तांबूने इकडेतिकडे पाहिले, आणि ओळख नाही, पाळख नाही, सरळ धावत जाऊन कापशीच्या पाठीवर चढला. ऑपरेशन झाले तरी हे करतातच; यात कामवासना थोडी, हुकमत जास्त. कापशी गर्रकन फिरली. पुढचे मला दिसलेच नाही. पांढऱ्या-तांबड्याची एक भिंगरी फरशीवरून फिरत गेली आणि हवेत केस उडाले. अशा वेळी हात मध्ये घालू नये, तो सोलून निघतो. आत्याने बाजूला ठेवलेले सूप उचलले आणि दोघांच्या मध्ये उभे धरले. सुपाच्या एका अंगाला कापशी धापा टाकते आहे, दुसऱ्या अंगाला तांबू. काकू म्हणाल्या, “अगंबाई, हे ससे आहेत का कोंबडे?”

सुपाइतके दुसरे चांगले साधन मला अजून सापडलेले नाही. हलके, रुंद, लागत नाही, आणि दिसत नाही पलीकडचे.

दुसऱ्या दिवशी दहा मिनिटे. तिसऱ्या दिवशी दहा. कधी सूप लागायचे, कधी नाही. काय चालू द्यायचे आणि काय थांबवायचे हे हळूहळू कळू लागले. पाठलाग चालेल, थोडे केस उपटणे चालेल, चढणेही चालेल. पण उलट्या बाजूने, तोंडाकडून चढला तर लगेच उतरवायचे, कारण खालच्याने चावा घेतला तर भलत्याच जागी बसतो. कान मागे चिकटले आणि शेपूट ताठ झाली की सूप. एकमेकांभोवती गोल फिरू लागले की सूप. आणि सगळ्यात चांगले लक्षण म्हणजे काहीच न करणे. एक या कोपऱ्यात अंग साफ करतो आहे, दुसरी त्या कोपऱ्यात गवत खाते आहे, दोघे जणू एकमेकांना दिसतच नाहीत. काकूंना या दिवशी कंटाळा यायचा. आत्या मात्र खूश असायची. ती म्हणायची, “एका खोलीत गप्प बसता आलं की पुढचं जमतं.” ती हे सशांविषयीच बोलत होती असे मी धरून चालते.

गणपतीचे दिवस आले. आमच्याकडे गणपतीच्या निमित्ताने दूर्वा भरपूर येतात, आणि ससा दूर्वांवर तुटून पडतो. हरळी त्याच्या पोटाला चांगलीही असते. एक लांब पाट ठेवून दोन टोकांना दोन जुड्या ठेवायच्या आणि रोज त्या चार-चार बोटे जवळ आणायच्या, असा आत्याचा क्रम होता. एका संध्याकाळी रस्त्यावर एकाएकी ढोल सुरू झाले. दोघे दचकले आणि एकाच कोपऱ्यात घुसून अंगाला अंग लावून बसले. काकू टाळ्या वाजवायच्या बेतात होत्या. पण ढोल पुढे गेले आणि कापशीने तांबूच्या कानाचा लचका तोडला. थोडे रक्तही आले. भीतीने जवळ आणता येते हे खरे आहे. काही लोक मुद्दाम दोघांना टोपलीत घालून मोटारीतून हिंडवून आणतात, म्हणजे घाबरून एकमेकांना चिकटतात. काहींना गुणही येतो म्हणे. मला ते पटले नाही आणि त्या संध्याकाळनंतर तर मुळीच नाही. कान बरा होईपर्यंत आठवडाभर भेटी बंद राहिल्या. आई म्हणाली, “नसेल जमत तर सोडा. एकेका खोलीत एकेक राहू दे.” तो आठवडा मला फार जड गेला, कारण आई म्हणत होती ते शक्य होते. काही सशांचे शेवटपर्यंत जमत नाही. मग एकाच घरात दोन एकटे सांभाळायचे.

पुन्हा सुरुवात झाली तेव्हा एक नवाच पेच उभा राहिला. दोघे समोरासमोर येत आणि एकाच वेळी माना खाली घालून बसत. नाकाला नाक, कपाळ जमिनीला. पाहणाऱ्याला वाटावे, काय ही नम्रता! पण सशांच्या शिष्टाचारात मान खाली घालणे म्हणजे नमस्कार नव्हे; तो हुकूम आहे, ‘माझे कपाळ चाट’ असा. आणि हुकूम सोडण्याचा मान थोरल्याचा. तेव्हा दोघेही थोरली पाती घेऊन बसली होती. भुऱ्याने सात वर्षे बिनतक्रार चाटले होते, आणि कापशीला दुसरी रीत ठाऊक नव्हती. गॅलरीत एकट्याने वाढलेल्या तांबूला तर कुणी चाटलेलेच नव्हते. पाच मिनिटे, सात मिनिटे अशी बैठक चाले. मग एकाचा धीर सुटे आणि नाकावर टोचणी बसे. मी मध्येच दोन्ही हातांनी दोघांची कपाळे चोळीत असे, आणि मग हात बदलीत असे, म्हणजे याचा वास तिच्या कपाळावर जाईल. प्रत्येकाला वाटे, समोरच्याने चाटले. ही शुद्ध फसवणूक होती, पण चालली.

ऑक्टोबरात एका दुपारी, काही विशेष नसताना, वीज गेली होती म्हणून पंखा बंद, काकू पेंगलेल्या, तांबूने मान वर केली, एक क्षण थांबला, आणि कापशीच्या डोळ्याजवळ एकदा जीभ फिरवली. मग दुसऱ्यांदा. कापशी हलली नाही. तिने दात हळूच एकमेकांवर घासले. सशाला बरे वाटते तेव्हा तो बारीकसा आवाज येतो, हाताला जास्त कळतो, कानाला कमी. मी काकूंना उठवणार होते. आत्याने माझा हात धरून ठेवला.

त्यानंतरही एकत्र रात्र काढायला आणखी दहा दिवस गेले. पहिल्या दोन रात्री आत्या माजघरातच सतरंजी टाकून झोपली, सूप उशाशी.

पाळलेल्या सशाचे एकटेपण ही आता जगात बरीच मान्य झालेली गोष्ट आहे. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ च्या नियमांपासून गिनीपिगसारखा कळपातला प्राणी एकटा ठेवता येत नाही. आपल्याकडे बाजारात मुलांना एकेकटा ससा सुटा विकत मिळतो, शेवेच्या पुड्यासारखा. जो घरात आणतो त्याला निदान एवढे ठाऊक असावे असे मला वाटते, की तो गप्प आहे याचा अर्थ तो सुखात आहे असा नाही. सशाला ओरडता जवळजवळ येतच नाही.

तो अपार्टमेंटमधला मुलगा नोव्हेंबरात एकदा बघायला आला. त्याने “तांबू” म्हणून हाक मारली नाही. तो त्याला दुसऱ्याच नावाने हाक मारीत होता, जे आम्ही कधी विचारलेच नव्हते. तांबूने कान वळवला, आला नाही. मुलगा बराच वेळ उकिडवा बसून राहिला. जाताना म्हणाला, “त्याच्या पायाला केस आले.” आता तो अधूनमधून मुळ्याचा पाला घेऊन येतो.

भुऱ्याची जागा तांबूला मिळाली का? मला वाटते, नाही मिळाली. खिडकीखालच्या गोणपाटावर कापशी अजून जात नाही. ही दोघे देव्हाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला, धान्याच्या कणगीशी बसतात. आणि आणखी एक फरक. तांबू चाटून थांबला की कधीकधी कापशी त्याचा तो फाटका कान दोन-चारदा चाटते. आई कामातून मान वर करून बघते आणि म्हणते, “म्हातारपणी शहाणपण आलं.”

मध्यंतरी गवताचा खर्च दुप्पट झाला. देव्हाऱ्याच्या एका पायाला पत्रा ठोकावा लागला. आईने दिवाळीला नवीन सूप आणले. जुन्याचा एक अख्खा काठ दोघांनी मिळून कुरतडून टाकला आहे.